४१७२ नंबरच्या दोन पिशव्या

मित्रांनो, मी आकडे छापणारा शिक्का आहे. वयाने म्हातारा, अंगाने लोखंडी आणि स्वभावाने, खोटं कशाला सांगू, थोडा गर्विष्ठ.

माझ्या पोटात पितळेची चार चाकं आहेत. प्रत्येक चाकावर शून्यापासून नऊपर्यंत आकडे कोरलेले आहेत. माझ्या डोक्यावर हात दाबला की खाली एक नंबर उमटतो. तीन वेळा दाबलं तर तीनदा तोच नंबर, मग पोटात ‘कट्’ असा आवाज होऊन चौथ्या वेळी पुढचा. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला शेकडो वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा अडखळत नाही.” तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं खूश होतो.

तिथून मी एका रक्तपेढीत आलो. तीनदा तोच नंबर कशाला लागतो, हे मला तिथे कळलं. रक्तदात्याच्या पिशवीवर एक, तपासणीच्या नळीवर एक आणि त्याच्या फॉर्मवर एक. पिशवी, नळी आणि फॉर्म एकमेकांपासून दूर गेले तरी त्या नंबरावरून पुन्हा एकमेकांना ओळखणार.

माझी देखभाल दोनदा मॅडम करायच्या. त्या तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. हातात आलेलं प्रत्येक लेबल त्या मोठ्याने दोनदा वाचायच्या, म्हणून सगळ्यांनी त्यांचं नाव दोनदा मॅडम ठेवलं होतं. रक्ताच्या पिशव्या सांभाळायला फ्रीजकाका होते. थंड खोलीत सारखी ये-जा असल्यामुळे ते ऐन उन्हाळ्यातही स्वेटर घालून फिरायचे.

दरवर्षी पहिल्या दिवशी मॅडम मला एकवर आणायच्या, कापसाने पुसायच्या, तेलाचा एक थेंब द्यायच्या आणि म्हणायच्या, “चला राजे, लागा कामाला.” मी कामाला लागायचो. वर्षभरात एकही नंबर मी पुन्हा दिला नाही. एवढा मोठा कॉम्प्युटर टेबलावर येऊन बसला, पण तोही माझाच नंबर विचारून नोंद करायचा. मग मला गर्व होणार नाही तर काय?

एका दुपारी ऑपरेशनच्या खोलीतून फोन आला. एका बाईंचं बाळंतपण झालं होतं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांचा गट ओ निगेटिव्ह, आणि आमच्याकडे त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. मॅडमनी शेजारच्या गावातल्या रक्तपेढीला विनवलं. तिथून तासाभरात एक पिशवी आली. आणखी दोन मागून निघाल्या होत्या.

मॅडमनी ती पिशवी कॉम्प्युटरवर नोंदवली. नंबर होता ४१७२. रुग्णाच्या रक्ताशी ती जुळवून पाहिली. जुळली. फ्रीजकाकांनी ती आत नेऊन ठेवली. दहा मिनिटांनी वॉर्डातल्या सिस्टर धापा टाकत खिडकीशी आल्या.

“काका, ४१७२ आणा,” मॅडम म्हणाल्या.

काकांनी ४१७२ आणली.

मॅडमनी वाचलं. जुळणीच्या फॉर्मवर ४१७२. पिशवीवर ४१७२. कॉम्प्युटरवर हिरव्या अक्षरांत ४१७२, ओ निगेटिव्ह, देण्यास हरकत नाही.

“झालं ना? द्या इकडे,” सिस्टरनी हात पुढे केला.

“थांबा. अजून एकदा.”

“अहो मॅडम, तिकडे बाई पांढरीफटक पडलीय! आज एकदाच वाचा की!”

“तुम्ही ओरडा, मी वाचते,” असं म्हणत मॅडमनी फॉर्म बाजूला सारला, कॉम्प्युटरकडे पाठ केली आणि फक्त पिशवी डोळ्यांसमोर धरली. “४१७२. गट... बी... पॉझिटिव्ह.”

सिस्टरचा हात तसाच हवेत राहिला.

चुकीच्या गटाचं रक्त अंगात गेलं असतं तर त्या बाईंच्या जिवावर बेतलं असतं. मॅडमचा चेहरा उतरला, पण पाय थांबले नाहीत. त्या स्वतः थंड खोलीत धावल्या. तिथे दुसऱ्या खणात आणखी एक ४१७२ होती! ती त्या गावाहून आलेली, ओ निगेटिव्ह. मॅडमनी तीसुद्धा दोनदा वाचली, बरं का, आणि मगच सिस्टरच्या हातात दिली.

मागून येणाऱ्या पिशव्याही वेळेवर पोचल्या. संध्याकाळी सिस्टर पुन्हा आल्या, त्या हसतच. “बाई शुद्धीवर आहेत. आणि लेकीनं असा सूर लावलाय की आमचा मजला दणाणून गेलाय!” मग मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकून त्या थोडं रडल्या. “मी ओरडले हो तुमच्यावर.”

“मी सांगितलंच होतं ना, ओरडा म्हणून,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या रक्तपेढीचे तंत्रज्ञही आले होते. फ्रीजकाका कोपऱ्यात उभे होते. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“साहेब, चूक माझी,” ते म्हणाले. “मी उद्यापासून येत नाही.”

“काका, मी ४१७२ मागितली. तुम्ही काय आणलंत?” मॅडमनी विचारलं.

“४१७२.”

“मग तुमचं काय चुकलं? तोच नंबर टाइप करून आपल्याच पेढीतल्या बी पॉझिटिव्ह पिशवीची जुनी नोंद तर मीच पुसली. कॉम्प्युटरनंही हूं की चूं केलं नाही.”

शेजारच्या तंत्रज्ञांनी खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि माझी तर चाकंच थिजली. तो माझ्यासारखाच होता. तीच पितळी चाकं, तोच मुठीचा घाट. तोही दरवर्षी एकपासून सुरू व्हायचा, तोही कधी अडखळायचा नाही. आम्ही दोघांनी आपापलं काम अगदी बिनचूक केलं होतं, आणि म्हणूनच एका नंबरच्या दोन पिशव्या तयार झाल्या होत्या. माझा सगळा तोरा त्या टेबलावर उतरला.

“काका उद्या येणार,” मोठे डॉक्टर म्हणाले. “बदलायचं असेल तर हे लेबल बदलू.”

महिनाभरात कॉम्प्युटरवाल्या ताई आल्या. त्यांनी जगात अनेक ठिकाणी वापरतात तसं नव्या पद्धतीचं लेबल आणलं. त्यावरच्या नंबरात आधी रक्तपेढीची स्वतःची खूण, मग वर्ष, मग क्रमांक. त्यामुळे दोन पेढ्यांचा नंबर एक होणं शक्यच नव्हतं. रक्तगट मोठ्या ठसठशीत अक्षरांत, आणि प्रत्येक पेढीच्या लेबलावर ठरलेल्या जागीच. शिवाय काळ्या रेघांच्या पट्ट्या.

“आतापर्यंत कॉम्प्युटर आपण सांगू त्यावर विश्वास ठेवायचा,” ताई म्हणाल्या. “आता तो स्वतः पिशवी बघेल. नंबरही आणि गटही. जुळलं नाही तर अडून बसेल.”

सुरुवातीला फार धमाल झाली. ओलं लेबल यंत्र वाचेना. सुरकुतलेलं लेबल दिसलं की ते रुसून बसे. फ्रीजकाकांना तर त्या पट्ट्या वाचणाऱ्या लाल उजेडाच्या स्कॅनरचा असा छंद लागला की त्यांनी रक्तदात्यांच्या बिस्किटांच्या पुड्यावरही तो धरला. पडद्यावर आलं, ‘अशी पिशवी नोंदवलेली नाही.’ काका म्हणाले, “खरंय बाबा. ही खायची आहे.”

मी मात्र खणात गेलो. सोबतीला वाळलेली शाईची गादी आणि एक मोडका स्टेपलर. पहिले काही महिने मी मनातून खट्टू होतो. मग एकदा बाहेरून ताईंचा आवाज आला, “आज चुकीची पिशवी खिडकीशी आली होती, पण यंत्रानं जागीच अडवली.” त्या दिवसापासून मला खणातही गाढ झोप लागू लागली.

आणि मित्रांनो, एका सकाळी खण उघडला. मॅडमनी मला पुसलं, तेल दिलं आणि स्वागतकक्षातल्या मावशींकडे सोपवलं. आता मी रांगेचे टोकन छापतो! एक नंबर रक्तदात्याच्या टोकनावर, एक त्याच्या फॉर्मवर आणि एक मावशींच्या वहीत. मावशी मला रोज सकाळी एकवर आणतात. कालचा एक आणि आजचा एक समोरासमोर आले तरी कुणाचं काही बिघडत नाही. या कामात मी फार सुखी आहे.

माझं एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, रक्तदानाला याल, कधी कुणासाठी रक्त न्यायलाही याल. तिथे कुणी तुमचं नाव दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं तर वैतागू नका. लेबलाला ओला हात लावू नका, त्याची घडी घालू नका. आणि नंबर जुळला एवढ्यावरच खूश होऊ नका, बाकीचंही वाचा.

आज सकाळीच एक गृहस्थ मावशींवर चिडले. “अहो, नाव किती वेळा सांगू? तिसरी वेळ आहे ही!”

मावशी हसून म्हणाल्या, “सांगा हो. तुमचं रक्त ज्याला जाणार आहे ना, त्याच्यासाठी सांगा.”

गृहस्थ टेबलाजवळ सरकले. मग त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश, अगदी शाळेत हजेरी देतात तसं सांगितलं. मावशींनी माझ्या डोक्यावर तीनदा हात दाबला, आणि पुढच्या माणसासाठी मी पोटात ‘कट्’ केलं.