राणीची ओढ आणि आरशाला लटकलेलं माकड

इंजिन बंद, गिअर काढलेला. तरी बस चढावर चालली होती. आपोआप, वरच्या दिशेने!

खिंडीतली सगळी माणसं ओरडली. काहींनी रस्त्यावरच गुडघे टेकले. पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आम्ही ताईला घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेत होतो. तिला झटके येतात. गोळ्यांनी कमी झालेत, पण डॉक्टरीणबाईंना मेंदूची तपासणी हवी होती. आणि मध्येच हे. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, मागे ट्रक. आमच्या गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत; झटक्यात ताई बाहेर पडू नये म्हणून पप्पांनीच तशी लॉक केलीत. म्हणजे मीही कोंडलेली. बघायला काय, तर समोर आरशाला लटकलेलं ताईचं लोकरीचं माकड.

"वरच्या किल्ल्यातल्या राणीनं इथूनच उडी टाकली!" खिंडीत ठाण मांडलेला एक बुवा, लोक त्याला घाटबाबा म्हणत होते, कर्ण्यातून ओरडत होता. "मनानं शुद्ध असेल त्याला ती ओढून घेते! पेट्रोल नको, इंजिन नको, फक्त श्रद्धा!"

"मग स्वतःची जीप का पेट्रोलवर चालवतो?" मी म्हणाले.

"तोंड आवर," पप्पा म्हणाले.

बाबा एकेक गाडी पुढे सोडत होता. आमची पाळी आली. बाबाचा नियम असा की स्टिअरिंगवर त्याचाच चेला बसणार. पप्पा बाजूला सरकले. चेल्याने इंजिन बंद केलं, गिअर काढला, दोन्ही हात वर केले.

गाडी हललीच नाही.

बाबा खिडकीशी आला. त्याने आधी ताईकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या गोळ्यांच्या डबीकडे. "या मुलीत कुणीतरी बसलंय. राणी तिला नाकारतेय. गोळ्या फेका दरीत. पोरीला आमच्या मठात ठेवा, बरी झाली की कळवू."

मठ समोरच होता. ओळीने खोल्या. एका खिडकीचे गज कुणीतरी बोटांनी धरलेले. सगळ्या दारांना कड्या होत्या. बाहेरून.

"पप्पा, मला नको," ताई एवढंच म्हणाली.

"राणीच म्हणतेय, बाळा," म्हणत पप्पांनी डबी घ्यायला हात पुढे केला. आई पदरात तोंड घालून बसली.

मी माकडाकडे बघत होते. सकाळपासून घाट चढताना ते आमच्याकडे झुकत होतं. आता काचेकडे झुकलं होतं. म्हणजे गाडीचं नाक खाली होतं! मग उतारावर गाडी थांबतेच कशी? मी पुढे वाकले. चेल्याची पोटरी दगडासारखी ताठ झाली होती.

"पाय उचल!" मी ओरडले.

"शाळा सोडलेली पोर मोठ्यांना शिकवणार?" पप्पा भडकले.

मी खिडकीतून अर्धी बाहेर लटकले. "ओ ट्रकवाले काका! आमच्या मागचे लाल दिवे लागलेत का?"

"लागलेत की! भडक!" ट्रकवाला ओरडला. मग स्वतःच चमकला. "अरे, याने ब्रेक दाबून धरलाय!"

चार जण मागे धावले. चेल्याने घाबरून पाय उचलला. दिवे विझले आणि गाडी चालू लागली.

"बघा! राणीनं क्षमा केली!" बाबा तेवढ्यात म्हणालाच. दोघांनी हातही जोडले. मला हसू आलं आणि रागही.

पप्पांनी मात्र हँडब्रेक ओढला. खाली उतरले, माझं दार बाहेरून उघडलं. मी माकड काढलं आणि रस्त्याकडेच्या झेंड्याच्या खांबाशी दोरीने लटकतं धरलं. दोरी सरळ, खांब तिरका. पुढचा खांब तिरका. सगळेच एका बाजूला झुकवून पुरलेले! मागचा डोंगरही तसाच कललेला. सरळ काय हेच डोळ्यांना कळत नव्हतं, म्हणून उताराचा चढ दिसत होता.

"वजन कुठे लटकतं ते बघा, काका. माकडाला श्रद्धा-बिद्धा नाही," मी म्हणाले.

ट्रकवाल्याने दोरी हातात घेऊन सगळे खांब तपासले. तोवर बाबा जीपमध्ये बसला होता. जीप पेट्रोलवर सुरू झाली.

पप्पांनी डबी ताईच्या हातात ठेवली. "गोळी घेतलीस का गं?" एवढंच विचारलं. मग ट्रकवाला आणि ते मठाकडे गेले. एकेक कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर आलेल्या एका आजोबांनी सगळ्यात आधी विचारलं, "आमच्या घरचे आलेत का?"

कुणीच आलं नव्हतं.

खिंडी खूप आहेत आणि बाबाही. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी गाडीच्या मागे जा आणि दिवे बघा. आणि कुणी तुमचं माणूस ठेवून घेतो म्हणाला, तर आधी कडी कुठल्या बाजूला आहे ते बघा.