कच्च्या रंगाचा मासा

मित्रांनो, नाशिकच्या मेनरोडला एका साडीच्या दुकानाच्या माळ्यावर चढलात, तर रिकाम्या खोक्यांमागे गंजक्या चौकटीची एक काचेची टाकी दिसेल. सध्या तिच्यात सुतळीचे गुंडे ठेवलेले असतात. ती जुनी टाकी म्हणजे मी. गंज बघून नाक मुरडू नका. तो समुद्राच्या पाण्याचा गंज आहे, आणि नाशिकात तो कुणाच्याही नशिबी येत नाही.

माझा जन्म सातपूरच्या एका वर्कशॉपात झाला. लोखंडी अँगलची चौकट, जाड काचा आणि सांध्यांत भरलेली पुट्टीसारखी लांबी. झुंबरशेठनी मला दुकानात आणलं ते शोभेसाठी नव्हे. बायका साड्या निवडायला बसल्या की पोरं रडतात आणि नवरे घड्याळ बघतात, हे शेठनी हेरलं होतं. माझ्यातले लाल-सोनेरी मासे दोघांनाही गप्प करत. 'टाकी काय छान आहे हो' असं जे म्हणत, ते सहसा काही घेत नसत. घेणारे मात्र भाव उतरेपर्यंत मुकाट्याने माझ्याकडे बघत बसत. अशी कितीतरी वर्षं मी गिऱ्हाइकं ओळखण्यात घालवली, आणि मला वाटलं, माणसांचं नि माशांचं सगळं मला कळलं.

मग एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका लग्नसराईच्या तोंडावर शेठनी दुकानाला वरचा नवा मजला काढला. माल भरायला मुंबईला गेले असताना त्यांनी एका दुकानात समुद्राचा मासा पाहिला. अंग मोरपंखी निळं, शेपूट हळदीसारखी पिवळी. शेठ हरखले. असा रंग त्यांच्या एकाही साडीत नव्हता. उद्घाटनाला हाच मासा दाखवायचा, हे त्यांनी तिथेच ठरवलं आणि परत आल्यावर गावभर सांगितलं.

माझ्यातले जुने मासे बादलीत हलवून मला वरच्या मजल्यावर मांडलं. समुद्राचं पाणी कॅनमधून ट्रकने आलं आणि माझ्यात भरलं गेलं. एक कॅन शिल्लक म्हणून कोपऱ्यात ठेवला. मागून मासा आला, प्लास्टिकच्या पिशवीत. विकणाऱ्याने बजावलं होतं की पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवा, पाण्याला पाणी सावकाश मिळू द्या, दिवा बंद ठेवा. शेठनी मान डोलावली होती. गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकताना ते जशी डोलावतात, तशीच.

उद्घाटनाला अजून अवकाश होता, तरी दुकानात ही गर्दी! सगळे माझ्याभोवती. ट्यूबलाइट लावलेली. शेठनी पिशवी फोडली आणि मासा थेट आत सोडला. पोरांनी टकटक सुरू केली. माझ्या काचेवर पडणारी बोटं मला नवी नव्हती. पण त्या दिवशी आत जे घडलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

मासा कोपऱ्यात दबला आणि बघता बघता त्याचा निळा रंग ओसरला. आधी राखाडी, मग पांढरट, अंगावर मळकट डाग. अहो, माझ्या पोटात जिवंत रंग मरताना मी पाहिला! मी काचेची म्हणून ओरडले नाही इतकंच.

 गर्दीत तानुबाई होत्या, शेठच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या जांभळ्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेठ, माझ्या साडीच्या वेळी तुम्ही म्हणाले, तुमच्या पाण्यात दोष आहे. आता हे पाणी कोणाचं?"

लोक हसले. शेठचा चेहरा माशासारखाच झाला. मुंबईवाल्याने रंगवलेला मासा गळ्यात मारला, अशी त्यांची खात्री झाली. आणि कच्चा रंग पक्का कसा करायचा, हे तर त्यांनी आयुष्यभर बायकांना सांगितलं होतं. नवी साडी आधी मिठाच्या पाण्यात बुडवा. त्यांनी नोकराला, सावळीरामला, मागच्या घरातून मीठ आणायला पिटाळलं. समुद्र आधीच खारा असतो, हे सावळीरामने बिचकत सुचवून पाहिलं. शेठ म्हणाले, कमी असेल म्हणूनच रंग टिकला नाही.

मूठमूठ खडेमीठ माझ्यात पडलं. मासा उसळला, माझ्या काचेवर आदळला, आडवा झाला. कल्ले धापा टाकू लागले. मला कळून चुकलं, आता हा जातो.

मिठाची बरणी परत न्यायला शेठची सून चतुरा आली होती. नामपूरची, लग्नाला जेमतेम महिना झालेला. सासऱ्यासमोर ती बोलत नसे. बोललीच तर जपून, शहरी. त्या दिवशी तिचा तोल गेला आणि माहेरची अहिराणी तोंडातून निसटली.

"मामा, त्याना रंग जायेल नई शे. तो घाबरेल शे!" मग पदर सावरत, पण मागे न हटता म्हणाली, "रंग गेला नाही, घाबरलाय तो. मी आले तेव्हा सगळी आळी तोंड बघायला बसली होती. सारखं म्हणायचे, मान वर कर. माझे हातपाय गार पडले होते. तुम्ही म्हणाले, पोरगी फिक्कीच आहे."

 मग सावळीरामने रबरी नळीने खारट पाणी काढायला घेतलं. चतुराने शिल्लक कॅनमधलं पाणी थोडं थोडं ओतलं, ट्यूबलाइट बंद केली आणि अस्तराचं काळं कापड माझ्यावर टाकलं.

अंधारात मासा तगला. हळूहळू सरळ झाला, पोहू लागला. आणि निळा झाला, मित्रांनो! पण ते पाहणारी मी एकटीच.

उद्घाटनाला वरचा मजला फुलला. सगळे विचारत, मासा कुठे? शेठना राहवेना. त्यांनी ट्यूब लावून कापडाचा कोपरा उचलला. आत तो निळाशार! लोक पुढे झुकले, आणि शेठच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा पांढरा पडू लागला. या वेळी त्यात पाण्याचा दोष नव्हता की मिठाचा. होते ते फक्त डोळे.

शेठनी कापड सोडलं. न घेणाऱ्या बाईलाही गठ्ठाभर साड्या उलगडून दाखवणारा हा माणूस. तो माझ्यापुढे आडवा उभा राहून म्हणाला, "हा माल दाखवायचा नाही."

"मग बघायचा कधी?" तानुबाईंनी विचारलं.

"त्याला वाटेल तेव्हा."

त्यांच्या तोंडून असं काही ऐकण्याचा धक्का मला आजही ओसरलेला नाही. पुढे मासा नीट रुळला आणि बरेच दिवस उजेडात निळा राहिला. खाऱ्या पाण्याने माझी चौकट मात्र खाल्ली आणि मी माळ्यावर आले. त्याचं मला काही नाही.

एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी नवं आलं, मासा असो, पाखरू असो की माणूस, आणि ते फिकं दिसलं, तर लगेच पारखायला बसू नका. दिवा मालवा. चार पावलं मागे सरा. त्याचा खरा रंग तुमच्या घाईने दिसणार नाही.