एकसष्ट गोल डोक्यानं

कोजो अमांक्वा तपासणीसाठी पहिल्यांदा आला, तेव्हा रिसेप्शनवरचा माणूस उठून उभा राहिला. घानाचा हा स्ट्रायकर अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये खेळला होता. एकशे त्रेचाळीस गोल, त्यातले एकसष्ट डोक्यानं. त्याच्यानंतर कुमासीहून युरोपात आलेला प्रत्येक पोरगा त्याचंच नाव घ्यायचा. धम्मदीपाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नांदेडची. तिथल्याच नायमेखन शहरातल्या रुग्णालयात स्मृतिभ्रंशावर संशोधन करत होती आणि फुटबॉलमधला ऑफसाइडसुद्धा तिला कळत नव्हता.

कोजो अठ्ठावन्न वर्षांचा होता. घरी जायला निघून सायकलवर दोनदा भलत्याच गावात पोचला होता.

"पाच शब्द सांगते. थोड्या वेळानं परत विचारीन," धम्मदीपा म्हणाली.

त्याला दोनच आठवले. मग तो हसून म्हणाला, "त्यापेक्षा गोल विचारा ना."

तिनं विचारले. मैदान कुठलं, कडेनं क्रॉस कोणी दिला, वारा कुठून होता, सगळं त्यानं सांगितलं. तासाभराची तपासणी अडीच तास चालली. जाताना त्यानं मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्याच्या कागदांवर सही केली.

दर सहा महिन्यांनी तो बायकोला, अबेनाला, घेऊन यायचा. दुसऱ्या वर्षी गोल एकमेकांत मिसळायला लागले. तिसऱ्या वर्षी धम्मदीपानं त्याचाच हेडर मारतानाचा जुना फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"छान उडालाय," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

अबेना खिडकीबाहेर बघत राहिली.

फेब्रुवारीत न्यूमोनियानं तो गेला. क्लबनं पुतळा उभारायचं जाहीर केलं: हवेत झेपावलेला कोजो, चेंडू कपाळाला टेकलेला. मेंदूचा अहवाल जूनमध्ये आला. अबेना एकटीच भेटायला आली.

"सरळ सांगा, डॉक्टर."

"डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले की होतो, तो आजार होता."

"हेडरमुळे?"

"बहुतेक हो. एकेक धक्का लहानच असतो. पण असे हजारो बसले."

अबेनानं समोरचा अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाली, "इथं आल्यावर पहिल्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला होता. संघात घेत नव्हते. रोज संध्याकाळी घरामागे मी चेंडू फेकायचे आणि तो डोक्यानं मारायचा. दमला की म्हणायचा, आता पुरे. मी म्हणायचे, अजून पन्नास."

"तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं," धम्मदीपा म्हणाली.

अबेनानं मान हलवली. परकं माणूस समजूत घालतं तेव्हा हलवतात तशी.

"इसीलाही मीच शिकवलं," ती म्हणाली. इसी त्यांची मुलगी, बावीस वर्षांची, बापासारखीच स्ट्रायकर.

अबेनानं क्लबला विनंती केली: पुतळा हवा तर करा, पण असा नको. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले की साचा तयार झालाय आणि लोकांना तो असाच आठवतो. सप्टेंबरमध्ये क्लबच्या मैदानात पुतळ्यावरचं कापड ओढलं गेलं. हजारो लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला. अबेना पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. पुतळ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

इसी गर्दीत आली नव्हती. धम्मदीपाला ती बाहेर, सायकली लावतात तिथं भेटली. तिनं त्या हंगामात खेळणं सोडलं होतं.

"सोड म्हणून आईनं सांगितलं?" धम्मदीपानं विचारलं.

"नाही. ती फुटबॉलचा विषयच काढत नाही." इसी कुलपाची किल्ली बोटांत फिरवत होती. "तिला वाटतं, मी तिला दोष देते."

"देतेस?"

"कधी कधी. मग ती माझ्या ताटात भात वाढते, स्वतः न जेवता समोर बसून राहते, आणि माझी मलाच लाज वाटते."

आतून पुन्हा कोजोच्या नावाचा गजर झाला. इसीनं किल्ली खिशात टाकली. "तिला एकटीला बाहेर यायला जमायचं नाही," असं म्हणून ती आईला आणायला आत गेली.