पोत्यातलं आणि डबीतलं

प्रेमबाईंना किळस यायला फार काही लागत नसे. कुणी बशीत चहा ओतून फुरका मारला की त्यांच्या पोटात ढवळायचं. बोटाला थुंकी लावून नोटा मोजणारा माणूस समोर बसला, तर त्या उठून आत जायच्या आणि तो गेल्यावर त्याची खुर्ची पुसून घ्यायच्या. जालन्यात मस्तगडातलं त्यांचं घर म्हणजे खाली त्यांच्या नवऱ्याची, राधेश्यामजींची, धान्याची पेढी आणि वर राहती जागा. वरच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाला प्रवेश नव्हता. सून एकता लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेत लसणाच्या चटणीची बाटली निघाली. प्रेमबाईंनी ती चिमट्यात धरून खाली नेऊन टाकली आणि मग चिमटाही टाकून दिला. हा किस्सा एकता अजून माहेरी सांगते आणि माहेरचे पोट धरून हसतात.

तर अशा बाईच्या कोठीत घोरपड शिरली, आणि तीही अन्नकुटाच्या दिवशी.

दिवाळीचा पाडवा होता. त्या दिवशी या घरात ठाकुरजींपुढे एवढे पदार्थ मांडतात की पाटाखालची फरशी दिसत नाही. भाज्या, कढी, पुऱ्या, लापशी, चुरमा, सगळं बाईनं न्हाऊन, सोवळ्यात, दुपारच्या आरतीच्या आत करायचं. सासूबाईंच्या काळापासून हे एकदाही चुकलं नव्हतं आणि आपल्या हयातीत चुकू नये एवढंच प्रेमबाईंचं मागणं होतं. त्या ओल्या केसांना पंचा गुंडाळून बेसन काढायला कोठीच्या खोलीत गेल्या. दिवा लावला. तुपाच्या डब्यामागे काहीतरी हललं.

आधी त्यांना वाटलं, जुनं पायपुसणं पडलंय. मग त्या पायपुसण्याला मान आली. मातकट, खवल्याखवल्यांची कातडी, गळ्याखाली लोंबणारी सैल वळी, आणि तोंडातून सारखी आत-बाहेर करणारी, टोकाला दुभंगलेली जीभ. हात-सव्वाहात लांबीचं ते जनावर उडदाच्या पापडांच्या चळतीवर पोट टेकून बसलं होतं. पापडांवर पांढरं-काळं ओलं काहीतरी पडलं होतं आणि त्याचा वास तुपाच्या वासात मिसळला होता.

प्रेमबाई ओरडल्या नाहीत. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या हवेत तोंड उघडायची त्यांची तयारी नव्हती. पदर नाकाला लावून त्यांनी दार ओढून घेतलं आणि जिन्यावरून खाली हाक मारली, "कडूबा! जल्दी वर ये. हात धुऊन ये."

कडूबा पेढीवरचा जुना हमाल. पाडव्याला पेढी उघडून पूजेपुरती बसतात, म्हणून तोही आला होता. त्यानं दार जरासं किलकिलं करून आत डोकावलं आणि निवांतपणे म्हणाला, "घोरपड हाय. परवा मंठ्याहून मक्याची गाडी आल्ती ना, त्या पोत्यांतून आली असंल. भिऊ नका शेटाणीबाई, ती शेपटीचा फटका देती तेवढाच."

"मी भीत नाही. मला शिसारी येते," प्रेमबाई म्हणाल्या. "मारायची नाही. पण इथून ने."

मारायची नाही हे खरं तर सांगायची गरज नव्हती. या घरात झुरळसुद्धा कागदावर घेऊन गल्लीत सोडतात. कडूबानं रिकामं पोतं आणलं, एका हातानं मानेला, दुसऱ्यानं शेपटीच्या बुडाला धरून जनावर आत कोंबलं आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. पोतं जिन्यावरून जाताना प्रेमबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"कुठं सोडशील?"

"आमच्या गावाकडं टेकडी हाय. संध्याकाळी जातो तवा सोडतो की."

प्रेमबाईंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "खाणार तर नाहीस ना?"

कडूबाला राग आला, पण तो शेटाणीबाईंपुढं दाखवायची सवय नव्हती. "लहानपणी खाल्ली हाय, खोटं कशाला बोलू. आता न्हाई. कायदा हाय."

खाल्ली आहे, एवढंच प्रेमबाईंच्या कानात राहिलं. त्याच्या चहाचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असे. तो आता आणखी थोडा लांब सरकवावा असं त्यांना वाटलं. त्यांनी पोतं मागच्या चौकातल्या नळापाशी ठेवायला सांगितलं आणि एकताला म्हणाल्या, "दुसरं कुणीतरी बघ. याच्या हाती हा मुका जीव द्यायचा नाही."

एकतानं मोबाइलवर शोधून वनरक्षक बाईंचा नंबर मिळवला. वंदनाबाई अंबडकडं होत्या. त्या म्हणाल्या, दुपारपर्यंत पोचते, तोवर पाणी शिंपडून सावलीत ठेवा आणि कुणालाही देऊ नका.

"दुपारपर्यंत?" प्रेमबाई म्हणाल्या. चौकातलं पोतं मधूनच हलत होतं. ते असं घरात असताना चुलीपुढं बसायचं कसं, हेच त्यांना कळेना. कोठी त्यांनी स्वतः गोमूत्र शिंपडून तीनदा पुसली, पापड टाकून दिले, पुन्हा न्हाल्या. तरी वास जाईना. तो नाकातच बसला असावा.

तेवढ्यात राधेश्यामजींनी खालून निरोप धाडला की काळजी करू नका, मी बनवारीलालजींना फोन केलाय, ते न्यायला येत आहेत.

हे ऐकून प्रेमबाईंचा जीव भांड्यात पडला. बनवारीलालजी म्हणजे घरचाच माणूस. पूजेच्या साहित्याचं दुकान, कपाळावर गंध, अंगात परीटघडीचा सदरा, बोलणं मधाळ. पेढीच्या गल्ल्यात जी चांदीची डबी होती, ती त्यांनीच आणून दिलेली. डबीत हत्थाजोडी. म्हणजे जंगलातल्या कुठल्याशा दुर्मिळ झाडाचं मूळ, दोन हात कोपरापासून जोडल्यासारखं दिसणारं. गल्ल्यात असली की लक्ष्मी हलत नाही म्हणतात. दर लक्ष्मीपूजनाला प्रेमबाई ती बाहेर काढत, गंगाजलानं न्हाऊ घालत, शेंदूर लावत, लवंग-कापरासोबत पुन्हा डबीत निजवत. कालच सगळं झालं होतं. कापराआडून एक कुबट वास यायचा, तो त्यांना कधी आवडला नाही. पण देवाच्या वस्तूला नाक मुरडायचं नसतं, म्हणून त्या श्वास धरून शेंदूर लावत.

बनवारीलालजी स्कूटरवरून आले. "जीवदया आहे भाभीजी, मोठं पुण्य," ते म्हणाले. "माझ्या शेतामागं रान आहे, तिथं सोडून देतो. वनखात्याच्या नादी कशाला लागता? कागद, सह्या, चकरा."

"देवासारखे आलात," प्रेमबाई म्हणाल्या आणि बर्फीची ताटली आणायला वर गेल्या. वनरक्षक बाईंना नंतर फोन करून नको म्हणून सांगता येईल. आता कढी टाकायची, मग पुऱ्या. वेळ जमत होता.

ताटली घेऊन त्या चौकात आल्या तेव्हा बनवारीलालजी नळापाशी पाठमोरे उकिडवे बसले होते. पोत्याचं तोंड त्यांनी सोडलं होतं. जनावराचं धड आत आणि शेपूट बाहेर. एका हातानं शेपूट वर उचलून ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या बुडाशी दाबत होते, गाईचं थान पिळावं तसं, सवयीनं. दाबता दाबता कातडीच्या चिरेतून दोन गुलाबी, ओलसर अवयव बाहेर आले. शेजारी शेजारी. टोकाला बोटांसारख्या झालरी.

"नर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "उत्तम."

प्रेमबाई पाहत राहिल्या. रंग वेगळा होता, ओल वेगळी होती. आकार तोच होता. वर्षानुवर्षं त्या आकाराच्या प्रत्येक खाचेत त्यांनी करंगळीनं शेंदूर भरला होता. तो त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला?

"बनवारीलालजी," त्या म्हणाल्या, "हे सुकल्यावर कसं दिसतं?"

बनवारीलालजींनी वळून पाहिलं. शेपूट सोडून त्यांनी पोत्याचं तोंड मुठीत धरलं. मग ते हसले. "भाभीजी, मूळ म्हटलं की माणसाला बरं वाटतं. श्रद्धा महत्त्वाची. बाकी कशात काय असतं हे बघत बसलं तर पूजा करायलाच नको."

सकाळपासून आवरून धरलेली ओकारी प्रेमबाईंनी तिथंच, नळाच्या मोरीत केली. रिकामं पोट, नुसतं कडू पाणी. ते थांबेना, कारण डोक्यात एकामागून एक आठवत होतं. शेंदूर लावलेली करंगळी. ती वस्तू डोळ्यांना लावलेली. आणि ज्या गंगाजलात तिला न्हाऊ घातलं ते पाणी. ते त्यांनी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर दिलं होतं. एकता नको म्हणत होती, तरी तिचा हात धरून ओतलं होतं. स्वतः प्यायल्या होत्या. दर दिवाळीला.

कडूबा धावत आला. "पोतं देऊ का यांना बांधून?"

"नाही. त्यांच्या हातातून घे आणि तूच धरून बस."

बनवारीलालजी काहीतरी पुटपुटत निघून गेले. बर्फी तशीच राहिली.

प्रेमबाई तोंड धुऊन पेढीवर गेल्या. राधेश्यामजी गादीवर बसले होते. प्रेमबाईंनी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. आता हे ताडकन उठतील, डबी फेकतील, बनवारीलालला शिव्या घालतील, असं त्यांना वाटत होतं. राधेश्यामजी मात्र गादीच्या खोळीची सुरकुती सारखी करत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं," प्रेमबाई म्हणाल्या.

"आधी नव्हतं. मागं टीव्हीवर दाखवलं, धाड पडली होती कुठंतरी. पण तोवर धंद्याला बरकत आली होती. आलेलं कशाला घालवायचं?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुला किळस आली असती," राधेश्यामजी म्हणाले.

हे त्यांनी काळजीनं म्हटलं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. हा माणूस कालच्या पूजेत शेजारी बसला होता. आपण श्वास रोखून शेंदूर लावत होतो आणि हा हात जोडून बघत होता. मग त्यानं तळहात पुढं करून तीर्थ घेतलं होतं, सगळं माहीत असून. प्रेमबाईंना आता ना घोरपडीची किळस येत होती, ना बनवारीलालची. त्या नवऱ्यापासून दोन पावलं मागं सरकल्या.

दुपारी आरतीची वेळ टळून गेल्यावर वंदनाबाई आल्या. खाकी कपडे, हातात जाळीचा पिंजरा. त्यांनी पोतं पाहिलं, जनावर धडधाकट आहे म्हणाल्या. "बरं झालं काकू, कुणाला दिली नाही. लोक कशासाठी कशासाठी नेतात. घोरपड काय, तिचा कुठलाही अवयव घरात ठेवणं गुन्हा आहे. आज-उद्या ही अंबडच्या बाजूच्या रानात सोडू."

राधेश्यामजी दारात येऊन उभे होते. त्यांनी प्रेमबाईंकडं पाहून हळूच मान हलवली. नको.

प्रेमबाई त्यांच्या शेजारून आत गेल्या आणि गल्ला उघडला. मागून त्यांचा दबलेला आवाज आला, "बिलकुल नको. केस होईल. सगळ्या मोंढा-बाजारात तोंड काळं होईल. मी गुपचूप नदीत सोडून येतो."

"कुणाकुणाला प्यायला लावलंय ते आधी नदीत सोडून या," प्रेमबाई म्हणाल्या.

त्यांनी डबी आणून वंदनाबाईंच्या हातावर ठेवली. वंदनाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "कुणी दिली?"

प्रेमबाईंनी बनवारीलालचं नाव आणि दुकानाचा पत्ता सांगितला. "घेणारे हे. पूजा करणारी मी. मला माहीत नव्हतं, यांना होतं. तसंच लिहा."

"शेटजींना जबाबाला यावं लागेल."

"येतील."

राधेश्यामजी खाली बसले. वंदनाबाईंनी पिंजरा उघडला आणि कडूबाला मानेकडून धरायला सांगितलं. शेपूट मोकळी राहिली तर फटका बसतो, तिथं आणखी एक हात हवा होता. एकता पुढं येऊ लागली. तिला मागं सारून प्रेमबाईंनी दोन्ही हातांनी शेपूट धरली. ती हाताला कोरडी आणि गार लागली. इतकं वाईट त्यात काही नव्हतं. घोरपड पिंजऱ्यात गेली, जाळीला नाक लावून जीभ बाहेर काढत बसली. पिंजरा नेताना प्रेमबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना तिची दया आली, आणि दया यायला आजचा दिवस उजाडावा लागला म्हणून स्वतःची लाज वाटली.

वंदनाबाई गेल्यावर एकतानं चहा केला. कडूबा कोनाड्यातला आपला कप घ्यायला गेला. प्रेमबाईंनी त्याला घरातल्या कपात चहा दिला. त्यानं तो हातात फिरवून पाहिला आणि बशीत ओतून फुरका मारला. प्रेमबाईंना नेहमीसारखंच ढवळलं, पण त्या बसून राहिल्या.

संध्याकाळी राधेश्यामजी वर आले. चूल थंड होती. देवघरात ठाकुरजींपुढं खडीसाखरेची वाटी होती, बाकी काही नाही. प्रेमबाई सकाळपासून कितव्यांदा तरी साबणानं हात धूत होत्या. बोटांची कातडी पांढरी पडली होती.

"अन्नकूट?" त्यांनी विचारलं.

"या हातांनी नाही."

त्यांनी देवघरातल्या खडीसाखरेच्या वाटीकडं पाहिलं. मग सवयीनं म्हणाले, "आणि आपल्या जेवणाचं काय?"

प्रेमबाईंनी नळ बंद केला. "कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मागवा," त्या म्हणाल्या. "कांदा-लसूण घातलेलं असलं तरी चालेल."