आडव्या पट्टीतलं भोक

कवळीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि खोटे दात बनवण्यात उभी हयात गेली, म्हणून ओळखीपाळखीत हेच नाव पडलं आणि चिकटलं. माणूस कामाला चोख, बोलायला गमत्या. पण मुलगी शिकायला लांब गेली, घर रिकामं झालं आणि बायकोनं गिटारचा क्लास लावला, तेव्हापासून त्यांच्या गमतीला जरा आंबट वास यायला लागला.

क्लास जवळच, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होता. शिकवणारा माणूस पन्नाशीचा, सडसडीत, मऊ आवाजाचा. बायको औषधाच्या दुकानातली पाळी संपवून तिथे जायची आणि घरी आली की जेवताना सुरू व्हायची. "सर म्हणाले, अंगठा मागे ठेवा." "सर म्हणतात, माझा कान चांगला आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या कानाकडे कवळीकरांनी त्या दृष्टीनं कधी पाहिलंच नव्हतं.

"चांगला कसला? मी काही सांगितलं की तोच कान बहिरा होतो," ते म्हणाले.

ती हसली. पूर्वी अशा बोलण्यावर ती चिडायची. आता हसते, हेच त्यांना जास्त लागलं.

त्यात गिटारही सरांचीच. 'एवढ्यात विकत कशाला घेताय' म्हणून त्यांनी आपली जुनी गिटार तिला घरी न्यायला दिली होती. बैठकीच्या खोलीत ती कोपऱ्यात उभी असायची, आणि कवळीकरांना वाटायचं, कुणी परका माणूसच भिंतीला टेकून आपल्या घरात उभा आहे. येता-जाता ते तिच्याकडे पाठ फिरवत.

शेवटी त्यांनी घरी जोडायच्या गिटारचा संच मागवला. "तू माझ्या हातची गिटार वाजवशील," त्यांनी जाहीर केलं. बायको इतकी खूश झाली की पोटातली जळजळ काही दिवस थंडावली. मागच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावरचे दातांचे साचे बाजूला सरले. तिथे वाकवलेल्या पातळ फळ्या आल्या, वरची फळी आली, लांब मान आली. मानेच्या आत बसवायची पोलादी दांडी आली. तारा ताणल्या की मान धनुष्यासारखी पुढे वाकते. तेव्हा ही दांडी चावीनं आवळली की मान मागे येते. बारीक काम कवळीकरांना नवं नव्हतं. त्यांनी एकेक सांधा असा बसवला की नखही जाऊ नये.

पाठीची फळी चिकटवायची तेवढी राहिली होती, तेव्हा बायको सरांना घेऊन आली. "बघा तरी, काय सुंदर काम केलंय यांनी!"

सरांनी खरंच मनापासून पाहिलं. फळीवरून हात फिरवला. मग उघड्या पोटात वाकून म्हणाले, "या आडव्या पट्टीला भोक पाडायचं राहिलंय वाटतं?"

"पाडायचंय," कवळीकर म्हणाले. जागेवर पेन्सिलीची खूणही केलेली होती.

"हो, कारण दांडीचं तोंड बरोबर तिच्यामागे येतं. तारांखालच्या गोल तोंडातून चावी घालायची, ती या भोकातून पलीकडे जाते. पाठ बंद झाली की मग इथे हात पोचत नाही. भोक तेवढं पाडून ठेवा. पुढे कधी मान वाकली, तर मी करून देईन त्यांना. दोन मिनिटांचं काम."

सर चहा घेऊन गेले. पण 'मी करून देईन त्यांना' हे चार शब्द कवळीकरांच्या डोक्यात काट्यासारखे रुतून बसले. ड्रिल हातात घेऊन ते टेबलाशी बसले खरे, पण डोळ्यांपुढे ती शिंप्याच्या वरची खोली. बायकोच्या मांडीवर गिटार, आणि तिच्यावर ओणवा झालेला तो सडसडीत माणूस, मऊ आवाजात काहीतरी सांगत चावी फिरवतोय. कुणी बनवलेल्या गिटारमध्ये?

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं. कडांना गोंद लावला, पाठ बसवली आणि चहूबाजूंनी शिकंजे आवळले.

गिटार देखणी झाली. सरांची गिटार परत गेली, कोपरा मोकळा झाला. रोज संध्याकाळी बायको कवळीकरांच्या हातची गिटार वाजवायची आणि ते शेजारी बसून पेपर उलटा धरून ऐकायचे.

पण हवा बदलली तशी मान पुढे झुकू लागली. तारा मानेपासून वर उचलल्या गेल्या. त्या दाबता दाबता तिची बोटं लाल व्हायची.

"हात बसायला वेळ लागतो," कवळीकर म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

एके संध्याकाळी ते घरी आले, तर कोपऱ्यात सरांची गिटार उभी.

"हे काय?"

"अहो, बोटं सोलून निघतात त्या तारांवर. सर म्हणाले, तोवर हीच वापरा."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ज्याला घराबाहेर काढायला एवढा खटाटोप केला, त्याला त्यांनी आपल्याच हातानं परत आत आणून बसवलं होतं. त्यांना जेवण गेलं नाही. भात चिवडत त्यांनी विचारलं, "सरांनी पाहिली माझी गिटार?"

"पाहिली. आत आरसा धरून बघितलं."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले."

हे तर शिवीपेक्षा वाईट. त्यानं चार नावं ठेवली असती, तर भांडता तरी आलं असतं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं त्यांची लाज राखली होती.

"मीही काही बोलले नाही," बायको सावकाश म्हणाली. "त्या दिवशी मी दारातच होते. त्यांनी भोकाचं सांगितलं ते मी ऐकलं होतं. विसरलात का तुम्ही?"

खोटं बोलायला ही सोन्यासारखी संधी होती. कवळीकरांनी ताटाकडे पाहिलं. "नाही. विसरलो नाही."

"मला वाटलंच." तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "तुम्हाला वाटतं तसं तिथे काही नाही. पण मला तिथे जायला आवडतं, हे खरं आहे. दिवसभर लोक मला विचारतात, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर. त्या खोलीत कुणी विचारत नाही. मी क्लास सोडणार नाही हं."

"मी कुठे सोड म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंत."

सुट्टीच्या दिवशी सकाळीच कवळीकर ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि तोंडात पार आत पोचणारं वाकड्या मानेचं यंत्र आणि छोटा आरसा मागून आणला.

"कुणाची दाढ?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिटारची."

"भूल दिलीत का?"

"मलाच द्या थोडी," कवळीकर म्हणाले.

टेबलावर उशी, उशीवर गिटार, तारा सोडवलेल्या. बायकोनं बॅटरी धरली. गोल तोंडातून यंत्र आत घालून, आरशात उलटं दिसणारं आतलं जग बघत कवळीकरांनी पट्टीवर टोक टेकवलं. एकदा टोक घसरलं, आणि बायकोनं बॅटरी आणखी जवळ आणली. वरच्या फळीला आतून बारीक ओरखडा गेला होता, तेवढ्यावरच निभावलं. जळक्या लाकडाचा वास आला, भुसा उडाला आणि टोक पलीकडे निघालं. गोल कानशीनं त्यांनी भोक जरा मोठं केलं आणि चावी आत सारली. ती दोनदा अडली, मग खट्कन दांडीच्या तोंडात बसली.

"बसली!" बायको ओरडली.

तारा चढवून त्यांनी चावी किंचित फिरवली, मानेवर पोलादी पट्टी उभी धरून फट पाहिली, पुन्हा किंचित फिरवली. तारा खाली आल्या. तिनं वाजवून बघितलं. बोटांना न चावता सूर निघाला.

"मला शिकवा हे," ती म्हणाली.

'मी करून देईन की,' हे कवळीकरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "आवळताना जोर नाही करायचा," ते म्हणाले. "अडलं की थांबायचं." चावी तिनं आपल्या पर्समध्ये टाकली.

पुढच्या क्लासला ती दोन्ही गिटारी घेऊन गेली, एक परत द्यायला, एक वाजवायला. कवळीकर घरी एका कवळीवर काम करत बसले होते, पण त्या दिवशी एकही दात सरळ बसेना. जिन्यावर पावलं वाजली तसे ते उठलेच.

"काय म्हणाले?"

"कोण?" बायको चपला काढत म्हणाली.

"कोण काय! तुझे सर."

"म्हणाले, मान सुरेख झालीय. फक्त जाड तारांचा आवाज जरासा पातळ येतो."

"पातळ?" कवळीकरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "पातळ? कान तपासून घे म्हणावं त्याला!"

बायको दारातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कवळीकर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून गिटार घेतली, सगळ्यात जाड तार छेडली आणि कान लावून ऐकू लागले.