वगळलेले सोळा सेकंद

“यातलं काही म्हणजे काही जाता कामा नये, धाकट्या,” वहिनी म्हणाली. कॅसेट त्याच्या तळहातावर ठेवल्यावरही तिने बोटे लगेच काढून घेतली नाहीत.

“वहिनी, शेवटचा आकडा एकाने चुकला तरी मला जेवण जात नाही.”

“तू वजनं तपासतोस. हे वेगळं आहे.”

“किती वर्षं झाली लावून?”

“बारा. माझा रेकॉर्डर बिघडला तेव्हापासून नाही. दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालायची छाती झाली नाही.” आता तिने बोटे काढली. “पुढच्या महिन्यात बबडी चालली नोकरीला, लांब. बापाचं म्हणून न्यावं असं पोरीजवळ काही नाही.”

थोरला भाऊ जाऊन बावीस वर्षे झाली होती. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता आणि बबडी दीड. धाकटा मात्र धाकटाच राहिला. त्याचे वय आता थोरल्याच्या वयाहून अठरा वर्षांनी अधिक होते, आणि ही विसंगती दुरुस्त करण्याची सोय कोणत्याही नात्यात नाही.

तो वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत होता. औषध कारखान्यांचे, सराफांचे, इस्पितळांचे काटे त्याच्याकडे येत आणि किती चुकतात याचा दाखला घेऊन परत जात. प्रयोगशाळेतला सर्वांत नाजूक काटा काचेच्या कपाटात होता. त्याचे दार उघडे असताना जवळ कोणी बोलले तरी शेवटचे आकडे थरथरत. म्हणून भिंतीवर पाटी होती : मोजणी चालू असताना बोलू नये. नवशिक्यांना तो पहिल्याच दिवशी बजावत असे, “आधी कच्ची नोंद. दिसलं ते सगळं लिहायचं. कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं, ते नंतर. आधीच ठरवलंत तर तुम्ही मोजत नाही आहात, स्वतःचंच ऐकताय.”

कॅसेटवर थोरल्याच्या अक्षरात एकच शब्द होता : लिफ्ट.

त्या काळी घरातला संगणक म्हणजे टीव्हीला जोडायचा एक जाडसर कीबोर्ड होता, आणि त्याचे गेम साध्या कॅसेटवर साठवलेले असत. चार मजल्यांच्या त्या इमारतीत असे दोनच संगणक होते. दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन भावांच्या संगणकाची बटणे रबराची होती, म्हणून त्याचे नाव खोडरबर. चौथ्या मजल्यावरच्या मुलीचा संगणक मोठा होता, तपकिरी होता आणि एका वेळी तीन सुरांत वाजत असे, म्हणून ती पेटी. मुलगी अर्थातच पेटीवाली. ती पुढे वहिनी होईल, असा कोणताही पुरावा तेव्हा उपलब्ध नव्हता.

“तुमचा हिरो भिंतीजवळून गेला की भिंतीचा रंग त्याच्या अंगाला लागतो,” पेटीवाली म्हणे. “रंग ओला आहे का?”

“आमचा हिरो वेळेवर येतो तरी,” थोरला म्हणे. “तुझ्या पेटीत गेम चढेपर्यंत माणसाची आंघोळ, जेवण आणि वामकुक्षी उरकते.”

दोन्ही आरोप तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. खोडरबरच्या पडद्यावर प्रत्येक लहान चौकटीत दोनच रंग मावत, आणि पेटी टेप वाचताना खरोखरच डुलक्या घेई. एकाची टेप दुसऱ्याला कळत नसे. कॅसेट तीच, रेकॉर्डरही तसाच. पण खोडरबरची टेप पेटीच्या लेखी निव्वळ किंकाळी होती. धाकटा तेरा वर्षांचा होता आणि खोडरबरच्या बाजूने प्राण द्यायला तयार होता. थोरला सतरा वर्षांचा होता. तो वाद घालायला वारंवार चौथ्या मजल्यावर जाई आणि प्रत्येक वेळी हरून, पण प्रसन्न मुद्रेने परत येई. या निरीक्षणाचा अर्थ धाकट्याने तेव्हा लावला नाही.

‘लिफ्ट’ हा गेम थोरल्याने त्याच वर्षी स्वतः लिहिला. चार मजले, एक लिफ्टमन आणि खोळंबलेली, चिडलेली माणसे. खोडरबर केव्हाच भंगारात गेला होता. आता गेम उरला होता तो या एका कॅसेटवर.

शनिवारी दुपारी धाकट्याने ती भिंगाखाली धरली. अडतीस वर्षांत टेपवरचा गोंद कुजला होता आणि तपकिरी लेप सुटू लागला होता. त्याच्या अंदाजाने टेप एकदाच चालणार होती. त्याच्यापुढे दोन मार्ग होते. टेपवरचा सगळा आवाज जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि मग त्यातून गेम शोधायचा; किंवा त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम वापरायचा. तो प्रोग्रॅम फक्त गेमच्या खुणा टिपी, टेपचा वेग डळमळला तर त्याच क्षणी सावरून घेई आणि शेवटी त्यांची बेरीज टेपवरच नोंदलेल्या बेरजेशी ताडून पाही. आवाजाच्या फाइलची बेरीज ताडता येत नाही. त्याने दुसरा मार्ग निवडला.

त्याने रेकॉर्डरमध्ये तार खोचली. तार खोचली की त्या रेकॉर्डरचा स्पीकर बंद होतो. टेप निःशब्द फिरू लागली आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली : सोळा सेकंद, अर्थहीन ध्वनी, वगळला. त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. टेपवर कुठे काय आहे ते कळावे म्हणून त्या काळी सगळेच आधी माइकमध्ये गेमचे नाव बोलून ठेवत, मग तार जोडून गेम साठवत. नाव लेबलवर होतेच.

चार मिनिटांनी बेरीज जुळली. एकही खूण गळली नव्हती. रेकॉर्डरमध्ये टेपच्या वाटेवर तपकिरी भुकटी साचली होती आणि गुंडाळीवर आलेली टेप जागोजागी पारदर्शक झाली होती. धाकट्याने स्पिरिटच्या बोळ्याने रेकॉर्डरचे टेप वाचणारे डोके पुसले आणि मग चष्मा काढून डोळे पुसले. स्पिरिटची वाफ डोळ्यांना झोंबते.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन वहिनीकडे गेला. बाहेरच्या खोलीत बबडीची बॅग अर्धवट भरून उघडी पडली होती. त्याने टेबलावर जागा केली, खोडरबरची नक्कल करणारा प्रोग्रॅम उघडला आणि बटण दाबले. पडद्यावर चार मजले उभे राहिले.

“एवढ्यात झालं?” वहिनी पदराला हात पुसत आली. “पूर्वी तर चहा होऊन जायचा.”

“आता पेटीशी स्पर्धा नाही ना.”

“खोडरबर तो खोडरबरच. बघ, त्या लिफ्टमनच्या अंगाला अजून भिंतीचा रंग लागतोय.”

बबडी खेळू लागली. तिसऱ्या डावाला तिने गुण मिळवायची युक्ती शोधली आणि चौथ्याला थांबली. “काका, या गेममध्ये चूक आहे. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नेली तरी ही मुलगी आत येतच नाही.”

“ती जुनी चूक आहे. मी त्याला तेव्हाच दाखवली होती. म्हणाला, बघतो.”

वहिनी हसली. इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. “चूक कसली, बावळट. मी कधी लिफ्टने उतरायचेच नाही. जिन्याने जायचे. जिना तुमच्या दारावरून जायचा ना.”

“आई,” बबडी म्हणाली, “तू एवढी चालू होतीस?”

“अगं, माझ्या पेटीवर हा गेम चालायचाच नाही. तरी टेप मला दिली त्याने. उगाच दिली का?” वहिनी खाली बसली, केस नीट केले आणि फोटो काढताना बसावे तशी ताठ झाली. “हं. आता ते सुरुवातीचं लाव.”

“सुरुवातीचं?”

“तो बोलतो ते, गेमच्या आधी. बबडी, तो मोबाईल बाजूला ठेव. बाप बोलणार आहे तुझा.”

धाकट्याला एकाच वेळी अनेक गोष्टी कळल्या, आणि त्या सगळ्या त्याला आधीच उपलब्ध होत्या. वहिनीजवळ खोडरबर कधीच नव्हता. मग बारा वर्षांपूर्वीपर्यंत ती ही टेप लावत होती ती कशासाठी, हा प्रश्न त्याला दारातच पडायला हवा होता. थोरल्याच्या लग्नाच्या चित्रफितीवर छायाचित्रकाराने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवली होती. फोनमध्ये आवाज साठवायचे दिवस यायच्या आधी थोरला गेला होता. त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता.

“ते मी घेतलं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“गेम तेवढा घेतला. आधीचे सोळा सेकंद प्रोग्रॅमने वगळले.”

“मग परत लाव की. आणलीयेस ना कॅसेट?”

त्याने खिशातून कॅसेट काढली, टेपचा सुरुवातीचा भाग बोटाने बाहेर ओढला आणि खिडकीकडे धरला. पलीकडची इमारत टेपमधून दिसत होती.

“वरचा लेप निघून गेलाय, वहिनी. आवाज त्या लेपात असतो. एकदाच चालणार हे मला माहीत होतं.”

“काल तो बोलला तेव्हा तू तिथेच होतास ना?”

“होतो. तार लावली की स्पीकर बंद होतो.”

वहिनी चिडली नाही. चिडली असती तर धाकट्याला काही उत्तर देता आले असते. तिने कॅसेट घेतली, पेन्सिलने टेप आत गुंडाळली आणि लेबल वर येईल अशी टेबलावर ठेवली.

“काय म्हणाले होते?” बबडीने विचारले.

“पाठ आहे मला.” वहिनीने घसा साफ केला. “‘हे तुझ्या पेटीला कळायचं नाही, म्हणून तोंडी सांगतो. चौथ्या मजल्यावरची मुलगी लिफ्टमध्ये येत नाही. मी तिला जबरदस्ती करणार नाही. जिन्यात दिवा नाहीये, एवढंच. सांभाळून उतर.’ मग खोकतो. मग किंकाळी सुरू.”

“त्यांच्यासारखं म्हण ना.”

“त्याचा आवाज जाड होता. शेवटचा शब्द खाली टाकायचा. सांभाळून उतर.” ती थांबली. “छे, माझाच लागतोय.” तिने पुन्हा म्हणून पाहिले आणि अर्ध्यावर सोडून दिले. मग ती धाकट्याकडे वळली. “तू म्हण. फोनवर तुमची आई नेहमी फसायची. तुला थोरला समजून ओरडायची.”

“वहिनी, मी एक्कावन्न वर्षांचा आहे.”

“म्हण तरी.”

त्याच्या मते स्मरणशक्ती हे तपासणीचा दाखला नसलेले उपकरण होते. तरीही त्याने डोळे मिटून थोरल्याचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. हाक ऐकू आली. पण ती थोरल्याची की इतकी वर्षे थोरल्याची म्हणून स्वतःच जपलेली, हे ठरवण्यासाठी ताडून पाहायला काही उरले नव्हते. त्याने ती वाक्ये म्हटली. शेवटचा शब्द खाली टाकला.

वहिनी मान कलती करून ऐकत होती. बबडी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

“नाही रे,” वहिनी म्हणाली. “तसं नाही.”

थोड्या वेळाने बबडीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “गेम मला टाकून दे, काका. मी नेते.” तिने पुन्हा लिफ्ट चौथ्या मजल्यावर नेली आणि दार उघडे ठेवले. मुलगी जागची हलली नाही. खाली माणसे खोळंबली, गुण कमी होत गेले, तरी बबडीने लिफ्ट तिथून काढली नाही.

सोमवारी धाकटा प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा एक तास आधी पोचला. पिशवीतून त्याने घरचा रेकॉर्डर काढला आणि मागचे चार स्क्रू सोडवले. बटरपेपरचा चौकोनी तुकडा काट्यावर ठेवून त्याने आकडा शून्यावर आणला. मग बारीक ब्रशने रेकॉर्डरमधली तपकिरी भुकटी त्या कागदावर उतरवली. कोपऱ्यातली उतरवली, रुळाखालची उतरवली. स्पिरिटच्या बोळ्यावर गेली ती परत मिळणार नव्हती. जी मिळाली तिच्यात सोळा सेकंद किती आणि किंकाळी किती, हे सांगता येण्याजोगे नव्हते. तशी पद्धतच अस्तित्वात नाही.

त्याने कागद काट्यावर ठेवला, आकडा स्थिर होऊ दिला आणि वाचला. पद्धतीप्रमाणे तीनदा. अडतीस पूर्णांक चार मिलिग्राम. अडतीस पूर्णांक चार. अडतीस पूर्णांक तीन. तिन्ही आकडे त्याने कच्च्या नोंदीत लिहिले. वस्तूच्या नावाचा रकाना कोरा ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला सहकारी दारात आला. “आज लवकर? काय मोजताय?”

काचेचे दार उघडे होते. पडद्यावरचा शेवटचा आकडा थरथरला. धाकट्याने बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली आणि तो आकडा पुन्हा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहिला.