मी खरवडलेला चेहरा

मी एक जुनी सुरी आहे. पण मित्रांनो, दचकू नका. मी आजवर एक कांदासुद्धा चिरलेला नाही. माझ्या पात्याला धार नाही आणि टोकही बोथट आहे. चित्रकार तेलरंग कालवायला आणि चुकलेला रंग खरवडून काढायला जी पातळ, लवचीक सुरी वापरतात, ती मी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने पोलादाची पट्टी घासून घासून मला इतके पातळ केले, की अंगठ्याने दाबताच मी वाकू लागले आणि सोडताच सरळ होऊ लागले. "ही चांगली निघाली," असे म्हणून त्याने मला खोक्यात टाकले. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले ते एका म्हाताऱ्या चित्रकाराने. दुकानांच्या पाट्या आणि माणसांची चित्रे यांवर त्याने जन्म काढला होता. हात थरथरू लागले तेव्हा त्याने आपले सगळे सामान एका शिष्येला देऊन टाकले आणि सामानासोबत एक रीतही दिली. काम घेतले की आधी कोळशाने कागदावर कच्चे चित्र काढायचे. किती माणसे, कशी बसलेली, हसरी की गंभीर, हातात काय, सगळे त्यात दाखवायचे. त्याखाली गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने 'मान्य' असे लिहून सही करायची. तो कागद चित्राशेजारी खिळ्याला अडकवायचा. त्यानंतर काही वेगळे हवे असेल, तर ते वेगळे काम. मला अक्षरे येत नव्हती. पण वर्षानुवर्षे समोर तेच कागद पाहून तो एक शब्द मी ओळखू लागले.

शिष्येने ती रीत इमानाने पाळली. एकदा एका बेकरीवाल्याचे चित्र पूर्ण झाले, तेव्हा तो मान तिरकी करून म्हणाला, "बाई, पोट जरा आत घ्या की."

बाईंनी कागदाकडे बोट दाखवले. "यावर सही केलीत तेव्हा पोट तुमच्यासोबतच होतं."

तो इतका हसला, की ते पोट गदगदा हलू लागले. चित्र तो तसेच घेऊन गेला. त्या काळात मला काम कमी असे. रंग कालवायचे, कधी एखादी कड साफ करायची. बाई मला दररोज टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून खिडकीत ठेवीत आणि माझे पाते आरशासारखे चमके.

बाई सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. बाहेरच्या खोलीत चित्रे आणि आतल्या खोलीत त्यांची मावशी. मावशी कपडे शिवून देई. तिची मशीन थांबली, की समजावे आता ती काहीतरी बोलणार.

एका सकाळी बस चालवणारा एक माणूस जिना चढून आला. अंगात गणवेश होता आणि हातात वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेला एक फोटो होता. शाळेतल्या चाळीस मुलांचा एकत्र फोटो. तिसऱ्या रांगेत, कडेला, शर्टाच्या बटणाएवढा एक चेहरा.

"ही माझी मुलगी," तो म्हणाला. "आठ वर्षांची होती. तापानं गेली. आमच्याकडे दुसरा फोटो नाही, ताई. आज काढू, उद्या काढू करत राहिलो."

मुलगी गेल्यापासून तिची आई अंथरुणातून उठत नव्हती. पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला त्याला एक चित्र हवे होते. "मोठं नको. फक्त चेहरा. उशीएवढं."

बाईंनी कोळसा उचलला, कच्चे चित्र काढले आणि कागद पुढे केला. तो त्या रेषांकडे पाहत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. बाईंना पुढचे शब्द बोलवेनात. कागद त्यांनी गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

तो गेल्यावर आतली मशीन थांबली. "सही घेतलीस?"

"मावशी, त्याची मुलगी गेलीय. त्याच्याकडे सही कशी मागू?"

"अगं, मी मयताचे कपडे शिवायचे असले तरी माप लिहून घेते. त्यात माया कमी होत नाही."

"तू आणि तुझी मापं," बाई म्हणाल्या. मशीन पुन्हा सुरू झाली.

तीन आठवडे बाई भिंगातून त्या बटणाएवढ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. तो माणूस अधूनमधून येई आणि बोलत राही. तिची एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर होती. ती कोणाचेही ऐकताना ओठ घट्ट मिटून घेई. बाई ऐकत आणि रंगवत. मित्रांनो, मी पुष्कळ चेहरे जवळून पाहिले आहेत, पण असा एकही नव्हता. चित्र झाले तेव्हा ती मुलगी आमच्याकडे अशी पाहत होती, जणू तिला आत्ता काहीतरी विचारायचे आहे.

त्याने पाहिले आणि तो स्टुलावर मटकन बसला. "हीच," तो म्हणाला. "हीच बघा, ताई. हीच."

रंग ओला होता. बाई म्हणाल्या, आठ-दहा दिवस वाळू द्या, मग न्या.

तो आठव्या दिवशी आला. आल्याबरोबर चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एक सांगू का? रागावू नका. जरा हसली असती तर? घरात सारखी हसायची हो."

बाईंनी कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या कागदाकडे पाहिले. त्यावर मिटलेले ओठ होते, पण खाली काही लिहिलेले नव्हते. "करू या," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला उचलले. रंग अर्धवट वाळला होता, दुधावरच्या सायीसारखा. मी ओठांवरून फिरले आणि ओठ माझ्या पात्यावर गोळा झाले. फडक्याने मला पुसले आणि फडके डब्यात गेले. दोन मिनिटांचे काम.

मुलगी हसली. पण हसताना गाल वर जातात, डोळे बारीक होतात. म्हणून गालही खरवडले, डोळेही. मग तो म्हणाला, केसांत लाल रिबन हवी. मग नुसता चेहरा ओकाबोका वाटतो, हात दाखवा. हात आले तर रिकामे कसे? तिची मांजर मांडीवर द्या. मांडीसाठी जागा हवी म्हणून चेहरा लहान करून वर सरकवावा लागला. त्या दिवशी मी सबंध चेहरा खरवडला. त्याचा भाऊ एकदा सोबत आला आणि म्हणाला, "नाक आपल्याकडचं होतं रे, हे तर वहिनींकडचं वाटतंय." मी नाक खरवडले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आईच्या बाजूचे झाले.

प्रत्येक वेळी तो म्हणे, "एवढंच, ताई. याच्यापुढे काही नाही." आणि तो खोटे बोलत नसे. त्या क्षणी त्याला खरेच तसे वाटे.

कडेने कापड जोडत जोडत उशीएवढे चित्र दाराएवढे झाले. बाईंनी दोन कामे परत पाठवली. त्यांचा उजवा खांदा धरला, कपडे वाळत घालतानाही त्या कण्हत. मला आता कोणी नीट पुसत नव्हते. पात्याच्या मुळाशी रंगाचे थर साचले.

मावशी एकदा दारात येऊन उभी राहिली. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तो रडला होता. आता रडतो का?"

"नाही."

"मग तू काय सुधारतेयस?"

बाईंनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

वर्ष झाले. एक दिवस तो म्हणाला, "ताई, आता ती नऊची झाली असती. थोडी उंच करता येईल?"

बाईंचा हात थांबला. "तुम्ही चित्र घरी कधी नेणार?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "नेलं की संपलं ना. इथं आलो की वाटतं, अजून तिचं काहीतरी व्हायचंय."

मित्रांनो, त्याला चित्र नको होते, हे तेव्हा त्या खोलीत सगळ्यांना कळले. मलासुद्धा. त्याच वेळी बाईंनी ब्रश खाली ठेवायला हवा होता. त्याला स्टुलावर बसवून, पाणी देऊन, 'आता पुरे' असे सांगायला हवे होते. तो चिडला असता, कदाचित जिन्यावरून ओरडतही गेला असता. पण बाई भिडस्त. त्या म्हणाल्या, "बघते." आणि त्यांनी मला उचलले.

त्यानंतर महिन्याभराने जिन्यावर दोन माणसांची पावले वाजली. तो पुढे होता आणि त्याच्या खांद्याला धरून त्याची बायको येत होती. एकेक पायरी थांबून. दाराशी येईपर्यंत तिला धाप लागली. मावशीने तिला खुर्ची दिली. तो उत्साहाने म्हणाला, "बघ. मी सांगत होतो ना?"

तिने पाहिले. दाराएवढे चित्र, मांजर, लाल रिबन आणि मधोमध हसणारी एक उंच मुलगी.

"ही कोण?" तिने विचारले.

"असं काय करतेस? आपली..."

"नाही हो. आपली अशी नव्हती."

"अगं, नाक बघ. आणि ती भुवई वर असायची ना, ती..." तो चित्राजवळ गेला. दोन्ही भुवया सारख्या होत्या. "डावी होती," तो म्हणाला. मग थांबला. "का उजवी?" त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावला, जणू तिथे सापडेल. "मला आठवत का नाहीये? ताई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

बाईंनाही आठवेना, आणि फोटोतल्या बटणाएवढ्या चेहऱ्यात भुवया उमटलेल्याच नव्हत्या. वर्षभरात त्यांनी कधी डावी, तर कधी उजवी वर रंगवली होती.

बायको बाईंकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाई, पहिल्यांदा चित्र झालं तेव्हा हे घरी येऊन म्हणाले, हुबेहूब झालीय, आठ दिवसांत येईल. त्या दिवशी मी उठून बसले होते. केस विंचरले होते. समोरची भिंत पुसून घेतली होती. ती कुठं आहे? खाली आहे का, या रंगाच्या?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "खरवडली."

आतल्या खोलीत मशीन बंदच होती.

"पुन्हा काढा," तो म्हणाला. "ताई, पहिल्यासारखी. मी एक शब्द बोलणार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी त्याला दिलेला नकार मी प्रथमच ऐकला. "आता माझ्या डोळ्यांसमोर इतक्या मुली आहेत, की त्यातली तुमची मला ओळखता येत नाही. हे मी आधीच थांबवायला हवं होतं. चूक माझी आहे."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोने हात पुढे केला. "आमचा फोटो द्या. एवढीशीच आहे त्यात, पण आमची आहे."

पुठ्ठ्यातला फोटो घेऊन ती दोघे जिना उतरून गेली. दाराएवढे ते चित्र कोणी नेले नाही. बाईंनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवले. त्यावर पुन्हा रंग चढवला नाही आणि ते खरवडायला मला हातही लावला नाही.

त्याला आता फार दिवस झाले. बाई अजून चित्रे काढतात, आणि कोणीही आले, कितीही रडत आले, तरी आधी कागद पुढे करतात. पाणी देतात, थांबतात, पण सही घेतल्याशिवाय रंगाला हात लावत नाहीत. त्यांना नवी सुरी मिळाली आहे. माझ्या मुळाशी गंज चढला, मूठ सैल झाली. मी खिडकीच्या फटीत अडकवलेली असते, वाऱ्याने तिचे दार आपटू नये म्हणून.

मित्रांनो, एक मागणे आहे. एखादी गोष्ट चांगली झाली असेल, तर तिच्याजवळ थांबा. दुसऱ्याने कितीही मायेने 'अजून थोडं' म्हटले, तरी तुम्ही तितक्याच मायेने 'आता पुरे' म्हणा. ते तोंडातून निघत नसेल, तर आधीच लिहून ठेवा. आणि माझ्यासारखे काही हातात घ्याल, तेव्हा खाली काय आहे ते नीट पाहून घ्या. मला रंग काढून घेता येतो, मित्रांनो. परत ठेवता येत नाही.